प्रात्यक्षिकाचे चित्रीकरण व थेट प्रक्षेपण : स्वस्त कॅप्चर कार्डाचा उपयोग

सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवणशक्ती कशी तपासावी, याचे प्रात्यक्षिक पेरणीपूर्वी गावोगावी दाखविले जाते. ओले गोणपाट पसरून त्यावर शंभर दाणे ओळीने मांडावयाचे, गुंडाळी करून सावलीत ठेवावयाची, ओल टिकवावयाची आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजावयाचे, एवढेच ते काम. परंतु चाळीस-पन्नास माणसे जमली म्हणजे गोणपाटाभोवती पहिल्या दहा-बारा जणांचे कडे होते व मागच्यांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात. स्त्रिया बहुधा त्याहूनही मागे उभ्या असतात. आणि बियाणे निवडून, राखून ठेवण्याचे काम तर पुष्कळ घरांत त्यांच्याच हाती असते. मागे उभा असलेला शेतकरी प्रात्यक्षिक पाहिल्याचे समाधान घेऊन घरी जातो व दाणे न मोजताच पेरतो. पुढे उगवण विरळ होऊन दुबार पेरणीची पाळी आली म्हणजे त्या न दिसलेल्या दहा मिनिटांची किंमत कळते.

ही अडचण थोड्या खर्चात पुष्कळशी दूर करता येते. कॅमेऱ्यातील चित्र लॅपटॉपमध्ये आणून ते नोंदवून ठेवणारे किंवा इंटरनेटवरून त्याच वेळी इतरत्र दाखविण्यास उपयोगी पडणारे एक लहानसे यंत्र आता बाजारात मिळते. त्यास कॅप्चर कार्ड म्हणतात. ते पेनड्राइव्हएवढे असून त्याची किंमत साधारणतः हजार रुपयांच्या आत-बाहेर असते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना ते कसे वापरता येईल आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याची माहिती येथे देत आहोत. मर्यादांविषयी अधिक लिहिले आहे, कारण यंत्राच्या वेष्टनावर त्या लिहिलेल्या नसतात.

यंत्राची रचना व निवड

या यंत्राच्या एका टोकास एचडीएमआय तारेसाठी खाच असते व दुसरे टोक लॅपटॉपच्या यूएसबी खाचेत बसते. कॅमेऱ्यातून तारेने आलेले चित्र व ध्वनी हे यंत्र लॅपटॉपला समजेल अशा रूपात बदलून देते. वेब कॅमेऱ्यांसाठी ठरलेल्या सर्वमान्य पद्धतीनेच ते लॅपटॉपशी बोलत असल्यामुळे बहुधा निराळी प्रणाली बसवावी लागत नाही. जोडताच लॅपटॉप त्यास एखादा कॅमेरा समजतो.

खरेदी करताना पहिली सावधगिरी दिशेची घ्यावी. हुबेहूब असेच दिसणारे, परंतु उलट काम करणारे, म्हणजे लॅपटॉपमधील चित्र दूरदर्शन संचावर नेणारे जोडयंत्रही दुकानात असते. दोन्हींस एचडीएमआय खाच व यूएसबी टोक असते. म्हणून दुकानदाराकडे ‘एचडीएमआय ते यूएसबी’ एवढेच न मागता, ‘कॅमेऱ्याचे चित्र लॅपटॉपमध्ये घेणारे कॅप्चर कार्ड’ असे स्पष्ट सांगावे, आणि शक्य असल्यास आपला कॅमेरा सोबत नेऊन जोडून पाहावे.

दुसरी गोष्ट वेष्टनावरील ‘४के’ या अक्षरांची. त्यांवर भुलू नये. त्यांचा अर्थ इतकाच की, तेवढे मोठे चित्र यंत्र आत घेऊ शकते. बाहेर मात्र ते फार तर १९२० × १०८० बिंदूंचे चित्र, सेकंदास ३० या गतीने देते. आपल्या कामास तेवढे पुष्कळ होय, परंतु अधिकाची किंमत मात्र मोजू नये. काही यंत्रांच्या यूएसबी टोकात निळे प्लॅस्टिक घातलेले असते. निळा रंग हे नव्या, अधिक गतीच्या यूएसबीचे चिन्ह समजले जाते. पण आत जुनीच यूएसबी २.० पद्धत असलेली निळी यंत्रेही सर्रास विकली जातात.

या जुन्या पद्धतीचा परिणाम काय होतो, हे हिशेबाने पाहणे बरे. १९२० × १०८० चित्रात २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. न दाबलेल्या चित्रात प्रत्येक बिंदूस १६ बिट धरले व सेकंदास ३० चित्रे धरली, तर सेकंदास सुमारे १०० कोटी बिट होतात. यूएसबी २.० ची कमाल क्षमता सेकंदास ४८ कोटी बिट आहे, आणि प्रत्यक्षात तीही पुरी मिळत नाही. दोन इंची पाइपातून चार इंचीचे पाणी मागावे तसा हा प्रकार होय. म्हणून यंत्र प्रत्येक चित्र दाबून लहान करते व मग पाठविते. या दाबलेल्या प्रकारास एमजेपीईजी असे नाव आहे. लॅपटॉपवर तो निवडला नाही व न दाबलेला प्रकार (वायूवाय२) तसाच राहिला, तर त्या मोठ्या आकारात चित्र सेकंदास जेमतेम पाचच्या गतीने सरकते. माणूस हात हलवितो तो धक्क्याधक्क्याने. ‘स्वस्त यंत्र, त्यामुळे चित्र अडखळते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा दोष या एका निवडीत असतो.

कॅमेरा, तार व जोडणी

एचडीएमआय खाच असलेला कोणताही जुना हँडीकॅम किंवा फोटोचा कॅमेरा या कामी चालतो. मात्र काही कॅमेरे पडद्यावरील आकडे व चौकटीही चित्राबरोबर बाहेर पाठवितात; त्या बंद करता येतात की नाही ते कॅमेरा मागून आणण्यापूर्वीच पाहावे. थोड्या वेळाने आपोआप बंद होण्याची सोयही कॅमेऱ्यात असते, तीही काढून टाकावी. फोटोच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत एका वेळी अर्ध्या तासाहून अधिक चित्रीकरण होत नाही. चित्रीकरण लॅपटॉपवर होत असल्यास ही अट आड येत नाही, हा एक लाभच होय. मोबाईलचे चित्र या मार्गाने घ्यावयाचे असल्यास सावध राहावे. तारेने चित्र बाहेर देण्याची सोय सर्व मोबाईलमध्ये नसते, आणि स्वस्त मोबाईलमध्ये ती बहुधा नसतेच.

कॅमेऱ्याकडील खाच लहान आकाराची असते, तिचेही दोन प्रकार आहेत. तार त्याप्रमाणे घ्यावी आणि दोन-तीन मीटरपेक्षा लांब घेऊ नये. यंत्र थेट लॅपटॉपला टोचून त्यास जाड तार लोंबकळत ठेवल्यास लॅपटॉपची खाच सैल होते. मध्ये वीतभर यूएसबी जोडतार वापरावी. यंत्र चालू असताना बरेच तापते. त्यावर कापड किंवा कागद पडू देऊ नये, उन्हात ठेवू नये व काम झाल्यावर काढून ठेवावे.

दूरदर्शनवरील कार्यक्रम किंवा चित्रपट या यंत्राने उतरवून घेण्याचा मोह काहींना होतो. अशा चित्रांस बहुधा कुलूप असते व पडदा काळाच राहतो. शिवाय दुसऱ्याचा कार्यक्रम परवानगीवाचून उतरवून वाटणे बेकायदेशीर आहे.

लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओ ही प्रणाली बसवावी. ती मोफत आहे. ‘सोर्सेस’ या चौकटीत ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस’ घेऊन आपले यंत्र निवडावे. ते बहुधा ‘यूएसबी व्हिडिओ’ अशा नावाने दिसते. आकार १२८० × ७२० किंवा १९२० × १०८०, गती ३० व प्रकार एमजेपीईजी ठरवावा. लॅपटॉपचा स्वतःचा कॅमेरा दुसरा स्रोत म्हणून घेता येतो. कॅमेरा तिकाटण्यावरून सरळ खाली गोणपाटाकडे रोखावा व लॅपटॉपचा कॅमेरा बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे ठेवावा, म्हणजे दोन दृश्यांचे काम एकाच यंत्रात भागते. आमच्या मते मोठे चित्र नेहमी हातांचे असावे आणि चेहरा कोपऱ्यात लहान. वक्त्यांना हे रुचत नाही, पण शेतकऱ्याला दाणे पाहावयाचे असतात.

ध्वनीची काळजी

प्रस्तुत लेखकाने प्रथम जे प्रक्षेपण केले त्यात चित्र उत्तम होते. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. वक्त्याने प्रथम जिवाणू संवर्धकाचे पाकीट हातात घेऊन त्यावरील अंतिम तारीख कशी पाहावी ते दाखविले, व नंतर बुरशीनाशक घेऊन प्रक्रियेस आरंभ केला. त्या वेळी ध्वनी कोठून घ्यावयाचा ते लॅपटॉपवर ठरविलेच नव्हते, आणि हे कोणाच्या ध्यानात आले नाही. वाडीवरच्या एका शेतकऱ्याने ते मुके चित्र मन लावून पाहिले, पाकिटांचा क्रम लक्षात ठेवला आणि आधी जिवाणू संवर्धक, मग बुरशीनाशक असे बियाण्यास चोळले. बुरशीनाशकाने उपयुक्त जिवाणू मरतात. म्हणूनच ते आधी व संवर्धक मागाहून लावावयाचे असते. आठवड्याने त्यांनी आपण होऊन हकीकत सांगितली, तेव्हा त्यांना दोष देण्याजोगे काहीच नव्हते. त्यांनी जे दाखविले तेच केले होते.

तेव्हा चित्र थोडे अंधुक असले तरी चालेल, पण ध्वनी स्वच्छ हवा. कॅमेऱ्याचा ध्वनी कॅप्चर कार्डातून लॅपटॉपमध्ये येतो खरा, परंतु काही स्वस्त यंत्रांत तो चुकीच्या रूपात नोंदला जाऊन डाव्या-उजव्या बाजूंची सरमिसळ होते. त्यातच लांब ठेवलेल्या कॅमेऱ्याला वाऱ्याचा व मोटारीचा आवाज आधी ऐकू येतो. गळपट्टीस लावण्याचा साधा मायक्रोफोन घेऊन तो थेट लॅपटॉपला जोडावा व यंत्राचा ध्वनी बंद करावा. असे केल्यास ध्वनी आधी पोहोचतो व चित्र किंचित मागून येते. त्यासाठी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून ते चित्रीकरण पाहावे. टाळीचा आवाज हात मिळण्यापूर्वीच ऐकू आला, तर ओबीएसमधील ध्वनीच्या मांडणीत ‘सिंक ऑफसेट’ या ठिकाणी शंभर मिलिसेकंदांपासून वाढवीत जाऊन मेळ घालावा. सर्व झाल्यावर दुसऱ्या खोलीतील माणसाच्या मोबाईलवर प्रक्षेपण लावून त्याला विचारावे, ‘काय ऐकू आले ते सांगा.’ ‘ऐकू येते का’ असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते.

चित्रीकरण की थेट प्रक्षेपण ?

१९५६ साली पुणे आकाशवाणीने मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची व आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावयाचे, अशी ती योजना होती. रेडिओ तेव्हाही पुष्कळ वाजत होता. विशेष होता तो परत येणारा प्रश्न. थेट प्रक्षेपणाची कसोटी हीच ठेवावी. प्रश्न विचारणारे समोर असतील व उत्तर देणारा जाणकार बसलेला असेल, तरच थेट प्रक्षेपण करावे. एरवी शांतपणे चित्रीकरण करून ठेवणे अधिक इष्ट होय. ते थांबवून, मागे नेऊन, संध्याकाळी घरातल्या सर्वांना पाहता येते.

थेट प्रक्षेपण करावयाचेच असल्यास यूट्यूबवर ती सोय आदल्या दिवशीच चालू करून घ्यावी, कारण प्रथम चालू करताना २४ तासांपर्यंत वाट पाहावी लागते. मोबाईलवरून थेट प्रक्षेपणास त्या वाहिनीचे किमान ५० सदस्य असावे लागतात. लॅपटॉपवरून ओबीएसच्या साहाय्याने केल्यास ही अट नाही. नव्या वाहिनीस ही मोठीच सोय होय.

१२८० × ७२० चे चित्र सेकंदास २,५०० किलोबिट या मानाने पाठविल्यास तासास सुमारे सव्वा गिगाबाइट डेटा खर्च होतो. पाठविण्याची गती प्रत्यक्ष जागेवर, त्याच वेळेस मोजावी. ती या मानाच्या दुप्पट नसेल तर प्रक्षेपण तुटते. शिवारात ती क्वचितच असते. तेथे नुसते चित्रीकरण करावे. पाहणाऱ्याचाही डेटा खर्च होतो, याचे भान ठेवून वक्त्याने सत्काराची भाषणे कॅमेरा चालू होण्यापूर्वी उरकावीत.

थेट प्रक्षेपण चालू असतानाही लॅपटॉपवर चित्रीकरण चालू ठेवावे, आणि ते एमकेव्ही या प्रकारात करावे. नेहमीच्या एमपी४ प्रकारात मध्येच वीज गेली किंवा लॅपटॉप बंद पडला, तर आधीचे सर्व चित्रीकरण वाया जाण्याचा धोका असतो. एमकेव्हीत तोवरचा भाग शाबूत राहतो व मागाहून ओबीएसमध्येच त्याचा एमपी४ करता येतो. लॅपटॉपची बॅटरी पुरी भरलेली असावी. कॅमेऱ्याची एक जादा बॅटरी खिशात असावी.

ज्यांचे चित्रण होणार त्यांची, विशेषतः स्त्रियांची, आधी संमती घ्यावी. नको म्हणणाऱ्यांना कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर, पण गोणपाट दिसेल अशा जागी बसवावे.

उगवणशक्तीच्या प्रात्यक्षिकाचे चित्रीकरण दोनदा करावे लागते. पहिल्या दिवशी दाणे मांडण्याचे करून बहुतेक जण थांबतात, आणि खरी अडचण सातव्या दिवशी मोजताना येते. कोणता कोंब धरावयाचा, वाकडा किंवा कुजका का सोडावयाचा, हे त्या दिवशी कॅमेरा अगदी जवळ नेऊन एकेक दाणा उचलून दाखवावे. ७० किंवा अधिक दाणे चांगले उगवले तर एकरी ३० किलो हे नेहमीचे प्रमाण पुरते. ६० उगवले तर ३० ला ७० ने गुणून ६० ने भागावे, म्हणजे एकरी ३५ किलो येते. हा हिशेब पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून पाटी दहा-पंधरा सेकंद स्थिर धरावी. ज्यांना लिहून घ्यावयाचे असते ते तेवढ्यात लिहून घेतात.

संपूर्ण चित्रीकरणाचे तीन-तीन मिनिटांचे तुकडे करून ते गावाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवावेत. तुकड्याच्या नावात पीक, काम व तारीख घालावी. गेल्या हंगामातील औषधाची शिफारस यंदा बदललेली असू शकते, आणि जुना तुकडा फिरत राहिला तर तारखेवाचून ते ओळखता येत नाही.