प्रतिध्वनी आधी की खरखर आधी?

इलेक्ट्रिक गिटार वर्धकाला न जोडता छेडली, तर तिचा आवाज शेजारच्या खोलीतही धड पोचत नाही. तिच्या पोलादी तारांखाली चुंबक असतात व त्यांच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत विद्युत्‌दाब निर्माण होतो. फॅरडेने १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच! हा दाब जेमतेम ०.१ व्होल्टच्या आसपास असतो. वर्धक तो वाढवून स्पीकरला देतो.

या वाटेवर वादक पायाने दाबायच्या लहान पेट्या जोडतात. एक पेटी प्रतिध्वनी काढते, तर दुसरी आवाज मुद्दाम खरखरीत करते. १९६२ साली अमेरिकेत विक्रीस आलेली 'माएस्ट्रो फझ-टोन' ही अशा खरखरीच्या पेट्यांपैकी अगदी सुरुवातीची.

समजा, तुम्हाला दोन्ही पेट्या जोडायच्या आहेत. आधी कोणती जोडाल? कोणतीही चालेल, असे वाटत असेल तर कागद-पेन्सिल घ्या. खरखरीची पेटी लहरीचा माथा छाटते. १ पेक्षा उंच लहर आली की ती १ वर आणते, असे धरू. प्रतिध्वनीची पेटी ०.३ सेकंदाने निम्म्या उंचीची नक्कल पाठवते. (५१ मीटर दूरच्या कड्यासमोर 'ओ' दिली, तर ती परत यायला एवढाच वेळ लागेल.) गिटारची लहर ३ उंचीची आहे. ती आधी छाटली तर १ उरते, आणि तिचा प्रतिध्वनी ०.५. मूळ स्वर ठळक, मागून येणारा मंद. आता क्रम उलटा करा. मूळ लहर ३, प्रतिध्वनी १.५, दोन्ही छाटल्यावर १ आणि १! प्रतिध्वनी मूळ स्वराच्या बरोबरीला आला. असे स्वर एकमेकांवर चढले की गोंगाट माजतो. काही वादकांना तो गोंगाटच हवा असतो, ही गोष्ट वेगळी.

पण खरखर खुद्द वर्धकातच तयार होत असेल तर? वर्धकाचे दोन भाग असतात : पूर्ववर्धक आणि शक्तिवर्धक. खरखर बहुधा पहिल्या भागात होते. म्हणून अनेक वर्धकांच्या पाठीमागे 'सेंड' व 'रिटर्न' अशी दोन सॉकेटे दिलेली असतात. 'सेंड'मधून निघालेली तार प्रतिध्वनीच्या पेटीत न्यायची आणि पेटीतून निघालेली 'रिटर्न'मध्ये. म्हणजे पेटी बरोबर दोन्ही भागांच्या मध्ये बसते. येथील दाब गिटारच्या दाबाच्या अनेक पट असू शकतो. तो पेटीला सोसेल का, हे माहितीपत्रकात पाहून घ्या.

स्पीकरचे सॉकेटही बऱ्याचदा त्याच आकाराचे असते. येथे गल्लत नको! वर्धक ५० वॅटचा आणि स्पीकर ८ ओहमचा असेल, तर ५० × ८ = ४००, त्याचे वर्गमूळ २०; म्हणजे दाब २० व्होल्ट. गिटारच्या २०० पट! पेटी जळायला वेळ लागणार नाही. शिवाय निर्वात नळ्यांचा वर्धक स्पीकरवाचून चालवला, तर त्याचे रोहित्र निकामी होऊ शकते.

अनेक उपकरणे जोडली की कधी कधी गुणगुण ऐकू येते. ती घालवायला वर्धकाच्या प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकणारे बहाद्दर असतात. ही भूसंपर्काची पिन. गिटारच्या तारा बहुधा केबलमार्फत वर्धकाच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. आतली एखादी विजेची तार सुटून सांगाड्याला टेकली, तर पिन असताना प्रवाह जमिनीत जातो व फ्यूज उडतो. पिन नसेल तर तो वादकाच्या बोटांत येतो. तेव्हा गुणगुण आलीच, तर आधी केबल बदलून पाहा आणि पेट्या व वर्धक यांना एकाच बोर्डावरून वीज द्या. पिनेला हात लावू नका.