पोटातले बाळ आणि पारा

जपान देशात मिनामाता नावाचे गाव आहे. गाव समुद्रकाठचे. तिथले कोळी खाडीत जाळी टाकीत. मासळी विकीत, घरीही तीच खात.

जवळच चिस्सो कंपनीचा कारखाना होता. १९३२ सालापासून त्याचे पारा मिसळलेले सांडपाणी समुद्रात जाऊ लागले. पारा माशांच्या अंगात भिनला. लहान मासा मोठ्या माशाने खाल्ला. मोठा मासा माणसाने खाल्ला. असा पारा वाढत वाढत ताटात आला.

आधी मांजरे झिंगल्यासारखी नाचू लागली आणि मेली. मग माणसांचे हातपाय थरथरू लागले. जीभ अडखळू लागली. नीट दिसेना, ऐकू येईना. १९५६ साली या रोगाची सरकारदरबारी नोंद झाली. लोकांना वाटले, साथच आली. ते आजाऱ्यांच्या घरी जाईनात.

त्याच सुमारास काही घरांत लुळी मुले जन्मली. त्यांना मान धरता येईना, चालता-बोलता येईना. आई मात्र बरी दिसे. मुलाने तर मासळी चाखलीही नव्हती! मग हे झाले कसे?

वार बाळाला विषापासून राखते, असे तेव्हा डॉक्टरही समजत. पण आपण खाल्लेले विषच लेकराला बाधले, असे आयांना वाटे. १९६२ साली ते खरे ठरले. जपानात बाळाची नाळ वाळवून जपून ठेवतात. पुढे त्या नाळा तपासल्या. त्यांतही पारा सापडला.

म्हणून आपण नीट समजून घेऊ. हा रोग घराण्यातून आलेला नव्हता. तो शाप नव्हता. आईचा दोष तर नव्हताच. पोटात असतानाच पाऱ्याने बाळाचा मेंदू दुखावला होता. तो पुन्हा बरा झाला नाही.

कारखान्यातले ते काम १९६८ साली थांबले. पाऱ्याला आळा घालण्यासाठी पुढे अनेक देशांनी करार केला. त्याला मिनामाताचेच नाव दिले. २०१८ साली भारतही त्यात आला.

आपण काय करावे? मासळी चांगले अन्न आहे. ती सोडू नये. पण गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने मुशीसारखा मोठा मासा टाळावा. तारलीसारखी लहान मासळी खावी. धुऊन, शिजवून, तळूनही पारा जात नाही. तो डोळ्यांना दिसत नाही. त्याचा वासही येत नाही.

आपल्या नदीत किंवा खाडीत कारखान्याचे पाणी येते का? मग ग्रामसभेत उठून विचारावे, "या पाण्यात काय आहे? ते कोणी तपासले?" एकट्याने विचारायला भीती वाटते. तेव्हा सगळ्यांनी मिळून विचारू या.