मावळ्याचे डोळे

गेल्या दिवाळीत मी सांगलीहून साताऱ्याला घरी गेलो, तेव्हा अंगणात पुतण्याचा किल्ला उभा होता. अजिंक्यतारा समोरच असल्यामुळे नमुना शोधायला लांब जावे लागत नाही! बुरुजावर ठेवायला त्याने १५ सेंटिमीटर उंचीचा मातीचा मावळा केला होता. अंगरखा, शेला, ढाल सारे झकास रंगले होते. पण धाकटी बहीण म्हणाली, "काका, हा शूर नाही, घाबरलाय!" पुतण्या रडकुंडीला आला. सकाळी गल्लीतली मुले किल्ला पाहायला येणार होती.

दोष कोठे होता? माणसाची उंची १६५ सेंटिमीटर धरली, तर मावळा त्याच्या अकराव्या हिश्शाचा झाला. आपले बुबुळ सुमारे १२ मिलिमीटर रुंद असते, मावळ्याचे १.१ मिलिमीटर हवे. पुतण्याचे माप बरोबर होते, जागा चुकली होती. बुबुळाभोवती चारी बाजूंनी पांढरे दिसत होते. आरशात पाहा : चेहरा शांत असताना वरची पापणी बुबुळाचा वरचा काठ झाकते, दचकल्यावर ती वर जाते आणि डोळे वटारल्यासारखे दिसतात.

"मग पापणीचे केसही काढू का?" त्याने विचारले. मावळा आपण ३० सेंटिमीटरवरून पाहतो. म्हणजे खरा माणूस ३.३ मीटरवरून पाहिल्यासारखेच झाले. अंशाच्या साठाव्या भागाहून कमी कोन करणारे दोन बिंदू आपल्या डोळ्याला सहसा वेगळे दिसत नाहीत. ३.३ मीटरवर हे अंतर जवळजवळ १ मिलिमीटर भरते. तेव्हा केस सुटे दिसत नाहीत, त्यांची एक काळी कड दिसते. तेवढीच काढायची.

पण इतकी बारीक रेघ यावी कशी? कुंचला पेल्यातल्या पाण्यात बुडवून पाहा. केस विस्कटलेलेच राहतात! बाहेर काढताच ते एकवटून टोक होते. पाण्याच्या आत केसांभोवती सर्वत्र पाणीच असते. बाहेर मात्र पाण्याचा पृष्ठभाग आकसू पाहतो आणि केसांना आवळतो. हाच पृष्ठताण. म्हणून रंग भरपूर घेऊन चालत नाही. थेंब लोंबू लागला की टोक गेले. शिवाय कोरी माती केशाकर्षणाने रंग शोषते आणि रेघ फुटते. आधी पांढऱ्या रंगाचा हात देऊन तो पुरता वाळवावा.

हात मात्र प्रत्येकाचा थरथरतो. कोपर टेकवून, ३५ सेंटिमीटर लांबीवर, अर्ध्या अंशाची थरथर टोक ३ मिलिमीटर हलवते. म्हणजे आख्खा डोळाच पुसला गेला! करंगळी मूर्तीजवळ टेकवून हीच लांबी ६ सेंटिमीटर केली, की टोक अर्धा मिलिमीटरच हलते. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी चालते, तेव्हा कारागिराचा हात कोठे टेकलेला असतो ते अवश्य पाहा.

शेवटी चकाकीचा पांढरा ठिपका. डोळ्याचा पुढचा भाग बहिर्वक्र आरशासारखा वागतो. ठिपका म्हणजे प्रकाशाची इवलीशी प्रतिमा. सूर्य एकच, म्हणून दोन्ही डोळ्यांत ठिपका एकाच बाजूला हवा. एक नाकाकडून डावीकडे, दुसरा उजवीकडे दिला, तर मावळा तिरळा दिसतो. हा प्रकार आमच्याकडेही एकदा झालाच. ओल्या कापसाने पुसावे लागले.

रात्री साडेदहाला मावळा बुरुजावर चढला. बहिणीने कंदील जवळ नेऊन पाहिले आणि म्हणाली, "आता माझ्या घोडेस्वाराचे पण करा."