संगणकाची रॅम आणि बैलजोडी



संगणक हळू चालू लागला की लोक लगेच सांगतात, "रॅम टाका, पळायला लागंल!" पण कोणतीही रॅम कोणत्याही संगणकाला चालते का? याचा मी अभ्यास केला, तो येथे मांडते.

रॅम म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती. चालू असलेले काम तिच्यात राहते. लाईट गेली की ती सगळे विसरते. म्हणून लिहिलेले वेळोवेळी 'सेव्ह' करावे, म्हणजे ते डिस्कवर राहते. रॅमची पट्टी ज्या मोठ्या पाटीवर बसवतात तिला मदरबोर्ड म्हणतात.

या पट्ट्यांच्या पिढ्या आहेत. डीडीआर३ चे नियम २००७ साली, डीडीआर४ चे २०१२ साली आणि डीडीआर५ चे २०२० साली जाहीर झाले. डीडीआर३ ला साधारण १.५ व्होल्ट लागतात, तर डीडीआर४ ला १.२. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून प्रत्येक पिढीच्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका. मोडंल!

आता वेग पाहू. 'डीडीआर४-३२००' म्हणजे सेकंदाला ३२० कोटी वेळा देवाणघेवाण. दर वेळी ८ बाइट जातात. ३२०० गुणिले ८ केले की २५,६०० मेगाबाइट येतात. पट्टीवर 'पीसी४-२५६००' असे छापलेले असते, ते हेच.

पण हा वेग नेहमी मिळतोच असे नाही. एक चपळ आणि एक मंद बैल जुंपला, तर तिफण मंद बैलाच्या चालीनेच चालते. तसेच ३२०० आणि २४०० च्या पट्ट्या एकत्र लावल्या, तर दोन्ही बहुधा २४०० नेच चालतात. मदरबोर्ड किंवा प्रोसेसर २६६६ पर्यंतचाच असला, तर ३२०० ची पट्टीही २६६६ नेच चालते. जास्तीचे पैसे वाया!

जुळणी नीट झाली तर मात्र मोठे काम होते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्यात अनेक लहान प्रोसेसर, प्रत्येकाची स्वतःची स्मृती, असे एकमेकांना जोडले होते. या कामाचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे.

पालकांनो, रॅम घेण्याआधी एवढे करा :

१) मदरबोर्डचा नंबर लिहून न्या व जुनी पट्टी सोबत ठेवा. लॅपटॉपची पट्टी आखूड असते.

२) बोर्ड किती जीबीपर्यंत रॅम घेतो ते विचारा.

३) असलेली रॅम खरंच भरते का, ते आधी पाहा. भरत नसेल तर दोष बहुधा दुसरीकडे, पुष्कळदा जुन्या हार्ड डिस्कमध्ये असतो.

४) पट्टी काढताना संगणक बंद करून वायर काढा.

सोयाबीन विकून आलेला पैसा कष्टाचा असतो. दुकानदार "लई फास्ट आहे" म्हणाला, तरी आधी विचारा, "आमच्या बोर्डाला चालंल का?"

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी