वीस वर्षांचा शब्द

नसरापूर

चि. बाळास,


चेन्नईजवळचा तो पवनचक्क्यांचा कारखाना तू बघून आलास, तुला पसंत पडला आणि बँकेशी बोलणीही सुरू केलीस, असं तुझ्या आईने सांगितलं. सही करण्याआधी आत्याचं मत हवं म्हणालास, म्हणून सविस्तर लिहिते. माझी सगळी नोकरी बँकेच्या औद्योगिक कर्ज विभागात गेली. कंपन्या विकत घेण्याचे प्रस्ताव माझ्या टेबलावरून जात, आणि पुढे त्यातल्या काहींची वसुलीही.

पहिली गोष्ट, तुझी उमेद मला खोटी वाटत नाही. चेलाडी फाट्याजवळच्या आपल्या शेडमध्ये मी तुला काम करताना पाहिलं आहे. मनोऱ्याचे दोन भाग जोडणारी फ्लँज व्हीटीएलवर, म्हणजे उभ्या लेथवर, चढलेली असते, तू तिच्यावर डायल गेज टेकवतोस आणि पूर्ण फेऱ्यात काटा मर्यादेबाहेर हलला तर पुन्हा कट घ्यायला लावतोस. तो पृष्ठभाग सपाट नसेल तर बोल्टांवर ताण कमीजास्त येतो आणि वर्षानुवर्षं वारा खाऊन ते थकतात, हे तूच मला समजावलंस. ज्याला एवढं कळतं त्याला अख्खी चक्की करावीशी वाटणारच. बाजारही आहे. मार्च २०२५ अखेर देशातली पवनऊर्जेची क्षमता ५० गिगावॅटच्या पुढे गेली.

पण पवनचक्की विकणारा माणूस यंत्र देऊन मोकळा होत नाही. ती वीस-पंचवीस वर्षं फिरत राहील असा शब्द तो देतो. तू त्या कंपनीच्या इमारती आणि क्रेन बघून आलास. तिने लोकांना दिलेले शब्द अजून बघितलेले नाहीस. कारखाना घेतलास की ते शब्द तुझे होतील. मला सांगायचं आहे ते एवढंच. बाकीचं पत्र मी हे का म्हणते ते सांगण्यासाठी आहे.

सुझलॉनची गोष्ट तुला वरवर ठाऊक आहे, ती एकदा हिशेबाच्या अंगाने वाच. तुलसी तंती मूळचे गुजरातचे, धंदा कापडाचा. विजेने जेरीस आणलं म्हणून त्यांनी स्वतःच्या गिरणीसाठी पवनचक्क्या घेतल्या आणि १९९५ मध्ये सुझलॉन काढली. तंत्रज्ञान जर्मनीतल्या एका लहान कंपनीचं होतं. ती बुडाली तेव्हा तंतींनी तिथले अभियंते आपल्याकडे घेतले. पात्यांचं ज्ञान नेदरलँड्समधून आणलं. या सगळ्याला पैसा तुलनेने थोडा लागला आणि हाताशी आलं ते ज्ञान. पुण्यात मुख्यालय झालं, २००५ मध्ये शेअर बाजारात नाव लागलं.

मग पल्ला एकदम वाढला. २००६ मध्ये बेल्जियमची हॅन्सन ही गिअरबॉक्स करणारी कंपनी ४६.५ कोटी युरोला घेतली. २००७ मध्ये फ्रान्सच्या अरेव्हाशी चढाओढ करून, शेअरला १५० युरो मोजून, जर्मनीच्या रीपॉवरवर ताबा मिळवला. आपला मराठी मुलूख तेव्हा अभिमानाने फुलला होता, मीही त्यात होते. पण जर्मन कायद्यात लहान भागधारकांना मोठं संरक्षण आहे. ते बाहेर पडेपर्यंत रीपॉवरची तिजोरी आणि तिचे नकाशे सुझलॉनला मनाप्रमाणे वापरता येईनात. पूर्ण मालकी यायला २०११ उजाडलं. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू होतं. दरम्यान २००८ ची मंदी आली. त्याच वर्षी अमेरिकेत बसवलेल्या चक्क्यांची पाती तडकली आणि बाराशेहून अधिक पाती मजबूत करून देण्याचा खर्च कंपनीवर पडला. हॅन्सन टप्प्याटप्प्याने विकावी लागली. ऑक्टोबर २०१२ मध्ये परकीय चलनातल्या रोख्यांचे सुमारे २० कोटी डॉलर वेळेवर देता आले नाहीत. शेवटी २०१५ मध्ये रीपॉवर, जिचं नाव तोवर सेनव्हियन झालं होतं, १०० कोटी युरोला विकली.

हीच सेनव्हियन २०१६ मध्ये आपल्या जिल्ह्यात आली. कल्याणी समूहाच्या केनर्सिसचा बारामतीचा कारखाना तिने घेतला, आणि २०१९ मध्ये जर्मनीत ती स्वतः दिवाळखोरीत गेली. या साखळीतलं कोणीही अडाणी नव्हतं. अभियंते उत्तम होते, यंत्रं चांगली होती. कर्जाची मुदत आणि ऑर्डरींचा ओघ यांचं गणित जमलं नाही.

ऑर्डरींबद्दल थोडं अधिक. या धंद्यात वाऱ्याइतकंच सरकारी धोरणही फिरतं. डेन्मार्कची व्हेस्टास आज जगातल्या अग्रेसर कंपन्यांपैकी एक आहे. तीही लोहाराच्या दुकानातून वाढलेली, क्रेन आणि शेतीची अवजारं करणारी कंपनी. पवनचक्कीचा नकाशा तिने बाहेरच्या दोघांकडून परवान्यावर घेतला आणि १९७९ मध्ये पहिली चक्की विकली. कॅलिफोर्नियातली करसवलत १९८५ च्या अखेरीस संपली आणि पुढच्याच वर्षी व्हेस्टासचं दिवाळं निघालं. मग इतर धंदे विकून ती फक्त पवनचक्क्यांवर उभी राहिली. आपल्याकडे २०१६-१७ मध्ये सुमारे ५,५०० मेगावॅटच्या चक्क्या उभ्या राहिल्या. फेब्रुवारी २०१७ पासून ठरलेला दर जाऊन लिलाव आले, पहिल्याच लिलावात युनिटचा दर ३ रुपये ४६ पैशांवर आला आणि वर्ष संपायच्या आत अडीच रुपयांखाली गेला. २०१६-१७ च्या पुढच्या आर्थिक वर्षात उभारणी १,८०० मेगावॅटच्या आसपास घसरली. एवढी घसरण मोठ्या कंपन्यांना सोसवली नाही. तुझ्या शेडमधल्या माणसांचे पगार त्या वर्षी कुठून निघाले असते, याचा विचार करून बघ.

आता त्या कारखान्याचे कागद मागव. चक्कीच्या मॉडेलचं प्रमाणपत्र नेमकं कोणाच्या नावावर आहे? केंद्राच्या मान्य यादीत ते मॉडेल आज आहे का? यादीत नसलेलं मॉडेल इथे विकता येत नाही. नकाशे परदेशी कंपनीच्या परवान्यावर असतील, तर मालक बदलल्यावर तो परवाना रद्द होतो का, ते कलम शोध. बहुतेक करारांत ते असतं आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. पात्यांचे साचे कोणत्या लांबीचे आहेत? बाजार लांब पात्यांकडे गेला आहे, कारण पातं दुप्पट झालं की वारा पकडणारं क्षेत्रफळ चौपट होतं. आखूड साचे तुला भंगाराच्या भावाने मोजावे लागतील. चक्की चालवणाऱ्या कंट्रोलरचा सोर्स कोड कोणाकडे आहे? तो हातात नसेल तर दुरुस्तीच्या वेळी तू दुसऱ्याच्या दारात उभा राहशील.

आणि खरेदी कशी करतोस त्यावरही बरंच ठरतं. शेअर घेतलेस तर कंपनीबरोबर तिचे दावे, कराच्या नोटिसा आणि दिलेल्या सगळ्या हमी येतात. नुसती यंत्रं आणि जागा घेतलीस तर यातलं बरंच मागे राहतं, पण परवाने आणि चालू करारही मागे राहू शकतात. दिवाळखोरी कायद्याखाली एनसीएलटीच्या, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या, मंजुरीने घेतलीस, तर योजनेत न धरलेले जुने दावे संपतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षी न्यायालयाने असंही सांगितलं की कंपनीची योजना मंजूर झाली म्हणून वैयक्तिक जामीनदार आपोआप सुटत नाही. हे वाक्य दोनदा वाच. बँक तुझ्याकडे वैयक्तिक हमी आणि बाणेश्वराच्या वाटेवरच्या जमिनीचा सातबारा मागेल. ती जमीन तुझ्या एकट्याची नाही आणि ती या व्यवहारात यायची नाही. जमिनीवाचून कर्ज मिळत नसेल, तर घास मोठा आहे असं समज.

नुसतं नाही म्हणण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. मला वाट दिसते ती अशी. पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर जा. तिथे पंचवीस वर्षांपूर्वीच्या लहान चक्क्या आहेत. देशभर अशा कितीतरी चक्क्या आहेत, आणि त्यातल्या काहींच्या मूळ कंपन्याच उरलेल्या नाहीत. त्यांना सुटे भाग हवेत, बेअरिंग बदलणारी, बोल्ट पुन्हा आवळून देणारी माणसं हवीत. सुझलॉन पडत्या काळात तगली, त्यात देखभालीच्या कामाचा मोठा हात होता. नव्या ऑर्डरी आटल्या तरी जुन्या चक्क्या फिरत होत्या आणि त्यांचं बिल निघत होतं. त्या चेन्नईच्या कंपनीचा देखभाल विभाग वेगळा विकत मिळतो का ते विचार. त्यातले अनुभवी तंत्रज्ञ टिकणार असतील तर त्यासाठी दोन पैसे जास्त मोज. हात बसला, चक्कीची दुखणी कळली, की चार-पाच वर्षांनी नवी चक्की करायला घे. तेव्हा तू दिलेल्या शब्दाला तुझ्या स्वतःच्या अनुभवाचा आधार असेल.

तुझ्या शेडमध्ये वेल्ह्याच्या आणि भोरच्या खेड्यांतली मुलं काम करतात. पुण्याला न जाता गावाजवळ हुन्नर शिकायला मिळालं म्हणून ती टिकली आहेत. तुझ्या सहीबरोबर त्यांचंही भवितव्य बांधलं जाणार आहे, हे मनात असू दे.

रविवारी घरी ये. येताना तीन आकडे लिहून आण: त्या कंपनीने विकलेल्या किती चक्क्यांची हमी अजून चालू आहे, त्या हमीपोटी ताळेबंदात किती रक्कम बाजूला ठेवली आहे, आणि दोन वर्षं एकही नवी ऑर्डर आली नाही तर तुझे हप्ते कशातून फिटतील. तिसऱ्या आकड्याचं उत्तर तुझ्याकडे असेल, तर बँकेत तुझ्याबरोबर मी स्वतः येईन.

तुझी,
आत्या