शाळेतलं लेकरू कामाला ठेवू नका, शिकायला घ्या



आजच्या व्हिडिओतला मुद्दा इथं लिहून देतो, वहीत उतरवून घ्या.

गेवराई, माजलगाव, केज, कुठंही गॅरेज टाका नाहीतर मोटार रिवाइंडिंगचं दुकान, पहिली तक्रार ठरलेली: "हाताखाली माणूस मिळत नाही." मग आईबाप ऊसतोडीला गेले की मागं राहिलेलं एखादं लेकरू शाळा बुडवून दुकानात येऊन बसतं. आपल्याला स्वस्तात हात मिळतो, त्याची दहावी जाते. पाच वर्षांनीही ते पान्हाच देत असतं. कारण माप वाचणं, हिशेब मांडणं त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

दुसरा रस्ता आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं-मुली शाळा न सोडता शेती, वीज, अभियांत्रिकी, आरोग्य यातली कामं हातानं करून शिकतात. सरावाला गावातलीच खरी कामं असतात.

आपण छोट्या प्रमाणावर काय करू शकतो?

१. मुख्याध्यापकांना भेटा. आठवड्यातून दोन तास ठरवा. पालकांची लेखी संमती घ्या.

२. कायदा पाळा. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे. १४ ते १८ वयाला धोक्याचं काम देता येत नाही, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम सांगता येत नाही. ग्राइंडर, वेल्डिंग, चालू करंट लांबच ठेवा.

३. दर आठवड्याला एकच गोष्ट शिकवा: माप घेणं, मालाची नोंद, पावती, गिऱ्हाइकाशी बोलणं. शिकलेलं त्याच्याच हातानं वहीत लिहून घ्या, शिक्षकांना दाखवा.

४. दोन आठवडे आलं नाही, तर शिक्षकांना फोन करा. कदाचित ते फडावर गेलं असेल. तुमच्या एका फोननं शाळा वाचू शकते.

खरं सांगतो, सुरुवातीला तुमचा वेळच जाईल. तो धंद्यातला खर्च धरा. बदल्यात काय मिळतं? शिकवता शिकवता तुमच्या कामाची पद्धत कागदावर येते. आणि पुढं अठरा पूर्ण झाल्यावर तेच पोरगं किंवा पोरगी कामाला आली, तर स्वभाव, हात, सचोटी तुम्हाला आधीच माहीत असते.

आजचा गृहपाठ: पंधरा वर्षांच्या मुलाला धोक्याशिवाय शिकवता येतील अशी तुमच्या धंद्यातली पाच कामं लिहा. पाच सापडली, की मगच शाळेची पायरी चढा.