काळ्या जमिनीवरील घर आणि त्याचा पाया

मराठवाड्याच्या जुन्या गावरचनेत जमिनीचे ‘पांढरी’ आणि ‘काळी’ असे दोन भाग मानले जात. पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे पिकाची जमीन. घर पांढरीत बांधावे आणि काळी पेरणीसाठी राखावी, अशी ही विभागणी होती. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तेव्हापासून शहराच्या व तालुक्यांच्या गावांच्या वस्त्या वाढत गेल्या आणि घरे गावठाणाबाहेर, म्हणजे काळीत सरकली. घराची जागा बदलली. परंतु पाया घेण्याची रीत मात्र बहुधा जुनीच राहिली. नव्या घराला दोन-तीन वर्षांतच तडे जाण्याचे मुख्य कारण येथे आहे.

काळी माती अशी का वागते ?

दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन ही माती तयार झाली आहे. तिच्यातील चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या खोल भेगा आणि पावसाळ्यात त्यांचे मिटणे हे त्याचेच दृश्य रूप होय. घराखालच्या जमिनीतही हाच प्रकार घडतो. मात्र तो सर्वत्र सारखा घडत नाही. घराच्या मध्यभागाखालील ओल बरीचशी टिकून राहते. बाहेरील भिंतींखालची माती मात्र दर वर्षी भिजते व वाळते. त्यामुळे कडेच्या भिंती वर-खाली होतात आणि खिडकी-दारांच्या कोपऱ्यांपासून तिरके तडे निघतात.

‘घर एकमजली व हलके आहे, तेव्हा पाया उथळ चालेल’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे. फुगणारी माती जड इमारतीपेक्षा हलक्या घराला अधिक सहजपणे उचलते.

मातीची साधी परीक्षा

जिल्ह्याच्या दक्षिणेस गोदाकाठच्या अंबड, घनसावंगी व परतूर भागांत काळ्या मातीचे थर खोल आढळतात. उत्तरेस भोकरदन-जाफराबादकडील डोंगराळ भागांत ते पुष्कळदा उथळ असतात. तरीही एकाच गावात दोन जागांची माती वेगळी निघू शकते. म्हणून आखणीपूर्वी जागेवर खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

मातीच्या फुगवट्याची परीक्षाही अवघड नाही. वाळवून बारीक चाळलेली माती १०-१० ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटरच्या दोन मापनळ्यांत टाकावी. एकीत पाणी व दुसरीत रॉकेल भरून, ढवळून, २४ तास स्थिर ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिच्या घनफळापेक्षा पाण्यातील मातीचे घनफळ शेकडा किती वाढले, ते काढावे. ही वाढ ५० टक्क्यांहून अधिक असल्यास साध्या पायावर विसंबू नये. १०० टक्क्यांच्या पुढे गेल्यास अभियंत्याच्या सल्ल्याविना काम सुरूच करू नये.

पायाचे तीन मार्ग

पहिला मार्ग सर्वांत सोपा आहे. मुरूम किंवा खडक फार खोल नसेल, तर काळी माती पूर्णपणे काढून पाया घट्ट मुरुमावर घ्यावा.

दुसरा मार्ग मध्यम खोलीच्या मातीसाठी आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण थोडा चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा थर देण्याची पद्धत विकसित केली. कालव्यांच्या कामांत तिचा उपयोग झाला. चांगला मुरूम या कामी येतो. तो थोडे पाणी मारून, पातळ थरांनी, धुमसाने ठोकून भरावा. नुसती वाळू भरू नये. वाळूत पाणी साठते आणि खालची माती भिजत राहते. खोदलेली काळी माती जोत्यात परत भरणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. चार पैसे वाचविण्यासाठी केलेली ही भर पुढे फरशी उचलते.

तिसरा मार्ग खोल मातीसाठी आहे. रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर कंद असलेले काँक्रीटचे स्तंभ विकसित केले. ते साधारणतः साडेतीन मीटर खोल, म्हणजे ऋतुमानाने ओल बदलणाऱ्या थराच्या खाली नेतात. कंदाचा व्यास स्तंभाच्या अडीचपट ठेवतात. स्तंभांवरील तुळई जमिनीला टेकवीत नाहीत. तिच्याखाली किमान ८ सेंटिमीटर मोकळी जागा सोडतात. माती फुगली तरी ती तुळईला उचलत नाही.

पाणी भिंतीपासून दूर

मातीची ओल स्थिर राहिली, तर तिची हालचालही थांबते. यासाठी घराभोवती एक ते दीड मीटर रुंदीचा, बाहेर उतार असलेला पक्का पट्टा करावा. न्हाणीचे पाणी बंद नळीने दूर न्यावे आणि शोषखड्डा भिंतीलगत घेऊ नये. मोठी झाडे त्यांच्या पूर्ण उंचीइतक्या अंतरावर लावावीत; त्यांची मुळे पायाखालची ओल ओढून घेतात.

छतावरील पाणी पन्हाळीने टाकीत घ्यावे. ५० चौरस मीटर छतावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ३० हजार लिटर पाणी मिळते. सन २०१२-१३ चा दुष्काळ अनुभवलेल्या या जिल्ह्यात त्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

सळई, सिमेंट आणि पाणी

जालना शहर सळईच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. तरीही सळई पारखूनच घ्यावी. तिच्यावर भारतीय मानक चिन्ह असावे. व्यासाच्या मिलिमीटरमधील आकड्याचा वर्ग करून १६२ ने भागल्यास एका मीटरचे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. या हिशेबाने १२ मिलिमीटर जाडीची १२ मीटर लांब सळई सुमारे १०.६६ किलोग्रॅम भरावी. यात पाच टक्क्यांहून अधिक घट असल्यास माल परत करावा.

काँक्रीट पसरविणे सोपे जावे म्हणून गवंडी पाणी वाढवितात, त्यामुळे ते कमजोर होते. १:१।।:३ या मिश्रणात ५० किलोग्रॅमच्या पोत्यास ३० लिटरहून अधिक पाणी नको. त्यानंतर किमान दहा दिवस, कडक उन्हाळ्यात चौदा दिवस, काँक्रीट ओले ठेवावे. पाणी टंचाईचे असल्यास ओली पोती अंथरावीत. परंतु हे काम टाळू नये. शक्यतो पावसाळा सरल्यावर पाया खणावा आणि खणलेला चर उघडा न ठेवता लवकर काँक्रीट करावे.

जुन्या घराची दुरुस्ती

तडा दिसताच गिलावा करणे हा उपाय नव्हे. तड्यावर सिमेंटची पट्टी लावून तारीख लिहावी आणि एक पावसाळा व एक उन्हाळा निरीक्षण करावे. तडा ऋतूप्रमाणे उघडझाप करीत असल्यास दोष जमिनीत आहे. आधी पाण्याचा निचरा व भोवतीचा पट्टा करावा, नंतरच तडा भरावा.

माळवदाच्या घरांबाबत अधिक सावधगिरी हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपात हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि छतावरील मातीच्या भाराखाली. गळती थांबविण्यासाठी माळवदावर मातीचे थर चढविणे म्हणूनच धोक्याचे आहे. जुनी जादा माती उतरवावी, लाकडी खांब व तुळया यांना तिरके आधार द्यावेत आणि भिंतीचे दोन्ही थर बांधणारे आरपार जोड बसवावेत. मातीत रचलेल्या जुन्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब कदापि टाकू नये.

२०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये किमान २५ चौरस मीटरचे घर लाभधारकाने स्वतः बांधावयाचे असते आणि हप्ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळतात. पुढील हप्त्यासाठी पायाचे काम घाईने उरकण्याचा मोह अशा वेळी होतो. भिंतीचा रंग किंवा फरशी पुढे केव्हाही बदलता येते. जमिनीखाली झाकलेला पाया बदलता येत नाही. खर्चात काटकसर करावयाचीच असेल, तर ती जोत्याच्या वर करावी.